तिकीट वाटायला या : अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरातल्या मतदानाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? ते तुम्ही चुकवत नाही. मत दिल्याचं स्टिकर छातीवर लावून फोटोसुद्धा टाकता. मला बोलायचंय ते त्याआधीच्या मतदानाबद्दल. जानेवारी ते जूनच्या दरम्यान कधीतरी, बहुधा एका मंगळवारी, तुमच्या राज्यात अध्यक्षपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, असते आणि त्या दिवशी आपल्यातले बहुतेक जण ऑफिसातून थेट घरी जातात. मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत उभं राहून बायडन-ट्रम्पवर तावातावाने भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. 'प्रायमरीत कुणाला दिलंत?' असं विचारलं की हीच माणसं एकदम पुरणपोळीकडे बघायला लागतात.

'दोन्हीकडे काही दम नाही हो, द्यायचं तरी कुणाला?' हे २०२४ मध्ये तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला ऐकवलं. दम नसेल, मान्य. पण उमेदवार ठरत होते तेव्हा आपण कुठे होतो?

तिकीट वाटप म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. माझे मामा सातारा जिल्ह्यात आयुष्यभर एकाच पक्षाचे कार्यकर्ते. सतरंज्या उचलण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं केलेलं. एकदा पंचायत समितीसाठी त्यांचं नाव चर्चेत आलं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनची मुदत, मामा तहसील कचेरीच्या आवारात कागदांची पिशवी घेऊन उभे, आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म घेऊन येणारी गाडी काही येईना. आली ती पावणेतीनला. फॉर्म निघाला दुसऱ्याच्याच नावाचा. बंडखोरी करायचा मामांचा पिंड नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या प्रचाराला लागले. तिकीट कुणी कापलं, कुठल्या बंगल्यावर कापलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्याही गावाकडे असा एखादा मामा असेलच.

अमेरिकेत हे वाटप लोक करतात. पूर्वी इथेही ते बंगल्यावरच व्हायचं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत पुढाऱ्यांची जुळवाजुळव चालू होती आणि बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना लाठ्यांनी झोडपत होते. त्या नाचक्कीनंतर नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवारीचा निकाल मुख्यतः प्रायमरी आणि कॉकस नावाच्या मतदारसभांमध्येच लागायला लागला. मामांना जन्मभर मिळाला नाही तो अधिकार आपल्याला नागरिकत्वाच्या शपथेबरोबर फुकट मिळाला. आणि आपण तो घरी पडलेल्या जाहिरातींच्या टपालाबरोबर कचऱ्यात टाकतो.

हा अधिकार लोक मनापासून वापरतात तेव्हा काय होतं, ते मी २००८ मध्ये पाहिलं. तुमच्यातल्या पन्नाशीच्या लोकांनीही पाहिलं असणार, पण बहुतेकांनी टीव्हीवर.

मावळता अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष रिंगणात नाही, अशी १९५२ नंतरची ती पहिलीच निवडणूक. इराकचं युद्ध चिघळलेलं, घरांचे हप्ते थकायला लागलेले, आणि 'आपल्या मताने काय फरक पडतो?' हे पालुपद घरोघरी. ३ जानेवारीला आयोवात कॉकस झाला. तिथला डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस म्हणजे गुप्त मतदान नव्हे. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, डोकी मोजली जायची. ज्याच्याकडे साधारण पंधरा टक्केही लोक नसतील त्याचा कोपरा मोडायचा, आणि मग बाकीचे कोपरे त्या माणसांना हाका मारून आपल्याकडे ओढायचे. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली होती. २००८ मध्ये आली जवळपास दोन लाख चाळीस हजार. ओबामा पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे, हिलरी क्लिंटन निसटत्या फरकाने तिसऱ्या.

ओबामांच्या भाषणांचं कौतुक सगळे करतात, मीही करते. पण भाषणाने माणूस एका संध्याकाळपुरता भारावतो. त्या वर्षी खरी उमेद आली ती आयोवाच्या आकड्यांमुळे. साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांना ओबामा आधीपासून आवडत होते. त्यांना भरवसा नव्हता तो गोऱ्या मतदारांचा. 'हे लोक याला मत देणार नाहीत, मग आपलं मत वाया कशाला घालवा?' हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला होता, आणि तो खोटा म्हणायची कुणाची छाती नव्हती. नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या आयोवाने तो एका रात्रीत मोडला. तीन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, साउथ कॅरोलायनात पाच लाख तीस हजारांच्या वर मतदान झालं. ओबामांना ५५ टक्के, हिलरींना २७. शेजारीही घराबाहेर पडतोय हे दिसलं, की माणूस चपला घालतो.

आणि ही उमेद एकाच बाजूला होती असं समजू नका. आयोवानंतर पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायर. जनमत चाचण्यांनी हिलरींना निकालात काढलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला, पंडितांनी त्यावर दिवसभर दळण दळलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या बायकांनी त्यांना निवडून दिलं. माझ्या ओळखीच्या साठीतल्या एक मराठी बाई, नोकरीत जन्मभर पुरुष साहेबांच्या हाताखाली काढलेल्या, त्या रात्री फोनवर रडत होत्या. त्यांच्या लेखी ओबामांची भाषणं म्हणजे आणखी एक गोड बोलणारा पुरुष! मला ते पटलं नव्हतं, पण राग समजत होता.

आम्ही तेव्हा ह्यूस्टनजवळ, फोर्ट बेंड काउंटीत राहत होतो. नागरिक होऊन फार काळ लोटला नव्हता. टेक्सासची प्रायमरी ४ मार्चला आणि तिथली तऱ्हाच न्यारी: दिवसा प्रायमरीत मत द्यायचं, आणि मतदान संपल्यावर त्याच रात्री पुन्हा त्याच केंद्रावर कॉकसला यायचं. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे काही प्रतिनिधी दिवसाच्या मतांवर ठरणार, काही रात्रीच्या हजेरीवर. (२०१६ पासून हा प्रकार बंद झाला. बरंच झालं, रात्रपाळीवाल्यांना आणि तान्ह्या पोरांच्या आयांना ते कधीच जमण्यासारखं नव्हतं.) एरवी म्हणे या रात्रीच्या सभेला दहा-वीस जुनी खोडं यायची. त्या रात्री प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियातून रांग निघाली ती पार पार्किंगपर्यंत. आत लहान मुलांची बुटकी टेबलं, त्यांना जोडलेली गोल बाकडी, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सहा-सहा फुटी टेक्सन. नाव, पत्ता, उमेदवार असे रकाने असलेले छापील कागद तासाभरात संपले. मग कुणीतरी कोऱ्या कागदांवर पट्टीने रेघा ओढायला बसलं. हिलरींचा बिल्ला लावलेल्या बाई रेघा ओढत होत्या आणि ओबामांचा टी-शर्ट घातलेला मुलगा पट्टी धरून बसला होता, कारण दोघांनाही एकमेकांवर लक्ष ठेवायचं होतं.

रांगेत माझ्यापुढे एक कृष्णवर्णीय आजी होत्या. घडीची खुर्ची घरून घेऊन आलेल्या. रांग सरकली की खुर्ची उचलायची, चार पावलं पुढे मांडायची, बसायचं. मी कौतुकाने म्हटलं, 'एवढा त्रास घेऊन आलात!' तर म्हणाल्या, 'माझ्या वडिलांना नोव्हेंबरात मत देता यायचं. प्रायमरीत नाही.' मला काही कळेना. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं.

टेक्सासमध्ये त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाखेरीज दुसरं कुणी निवडून येतच नसे. म्हणजे प्रायमरी जिंकली की नोव्हेंबर हा उपचार. म्हणून गोऱ्या पुढाऱ्यांनी युक्ती काढली: पक्ष ही खाजगी संस्था, तिच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांना प्रवेश. कृष्णवर्णीयांनी नोव्हेंबरात खुशाल मत द्यावं, तेही पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीचा कर, भरून. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी याविरुद्ध दावा लावला. थर्गूड मार्शल यांनी तो सर्वोच्च न्यायालयात लढवला, आणि १९४४ मध्ये न्यायालयाने ही गोऱ्यांची प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. जरा विचार करा. ज्यांना एका अख्ख्या समाजाला सत्तेबाहेर ठेवायचं होतं, त्यांनी कुलूप नोव्हेंबरच्या दाराला लावलं नाही, प्रायमरीच्या दाराला लावलं. किल्ली कुठे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. आपल्याला तर कुणी अडवलेलंही नाही. नोव्हेंबरात मत आणि प्रायमरीत नाही, ही जी व्यवस्था त्या आजींच्या वडिलांवर लादली गेली, ती आपण राजीखुशीने स्वीकारली आहे.

टेक्सासात त्या दिवशी डेमोक्रॅटिक प्रायमरीत अठ्ठावीस लाखांच्या वर मतं पडली. मतांत हिलरी जिंकल्या, पण रात्रीच्या कॉकसमुळे प्रतिनिधी ओबामांना जास्त मिळाले. दोन्ही बाजूंनी फटाके वाजवायचेच काय ते बाकी राहिले.

तिथून पुढे गाडी जूनपर्यंत चालली. पक्षातले शहाणे कपाळाला हात लावून बसले होते: पुरे करा, आपसात भांडून नोव्हेंबर घालवाल. हिलरींनी माघार घ्यावी म्हणून जाहीरपणे सांगणारेही होते. त्या माघारी गेल्या नाहीत, आणि त्यामुळे एरवी ज्यांना कुणी विचारत नाही अशा राज्यांचा भाव वधारला. मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियानात दोघे दारोदार फिरत होते. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाला नोव्हेंबरात अध्यक्षासाठी मतच नाही, पण उमेदवारीच्या लढतीत प्रतिनिधी आहेत; तिथे ओबामा सात मतांनी पुढे राहिले. सात! 'आपण मराठी माणसं इथे आहोत किती, आपल्याने काय होणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी मुद्दाम पाठ करून ठेवला आहे.

शहाण्यांची भीती खरी ठरली का? इंडियाना १९६४ नंतर आणि नॉर्थ कॅरोलायना १९७६ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली, तीही २००८ मध्येच. नॉर्थ कॅरोलायनातला फरक जेमतेम चौदा हजार मतांचा. वसंतात प्रायमरीसाठी नोंदवलेले मतदार, उघडलेली कार्यालयं, जमवलेले फोन नंबर हे सगळं शरदात कामाला आलं. मंदी आली होती, बुश लोकांना नकोसे झाले होते, ही कारणं आहेतच. पण बिनविरोध उमेदवार दिला असता तर इंडियानात कार्यालय उघडायला गेलं असतं कोण?

तुमच्यात रिपब्लिकनही पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे २०१६ मध्ये हेच झालं. सतरा उमेदवार, पक्षाच्या थोरामोठ्यांचा एकाला आशीर्वाद, दुसऱ्याला आशीर्वाद, आणि तीन कोटींच्या वर मतदारांनी बाहेर पडून सगळ्या आशीर्वादांना केराची टोपली दाखवली. जे निवडून आले ते मला मान्य नाहीत, आजही नाहीत. पण ज्यांना आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटत होतं त्यांनी तिकीट आपल्या हाताने वाटलं, हे खरंच आहे. उत्साह आपल्या बाजूचा असला की जागृती आणि समोरच्याचा असला की झुंडशाही, असं म्हणून भागत नाही.

२०२४ ची गोष्ट थोडक्यात आटोपते, कारण सांगण्यासारखं घडलंच नाही. फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाने बायडन यांचं एकच नाव दिलं आणि तिथली अध्यक्षीय प्रायमरी रद्द झाली. मिशिगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांनी 'कुणालाच बांधील नाही' या रकान्यात मत दिलं. ती चिठ्ठी पक्षाने वाचून खिशात ठेवली. २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. मी त्यांना मत दिलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हातात शंभर-सव्वाशे दिवस असताना त्यांनी जे केलं ते थोडं नव्हतं. पण मला सारखी आठवत होती ती पावणेतीनला कचेरीत शिरणारी गाडी. फॉर्मवरचं नाव चांगलं होतं, तरीही.

मी आता न्यू जर्सीत राहते. इथल्या प्रायमरीची मतपत्रिका वर्षानुवर्षं अशी छापली जायची की काउंटीच्या पक्षसंघटनेच्या पसंतीची सगळी नावं एका ठळक ओळीत, आणि बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात, शोधून काढा. सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. मार्च २०२४ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही ओळ थांबवली, आणि किम आज सिनेटर आहेत. बंगल्यावरची वाटणी बंद करायला एक माणूस उभा राहिला तर काय होतं, याचं हे घरचं उदाहरण.

आणखी घरचं हवं असेल तर आपले बेळगावचे श्री ठाणेदार. मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघात, म्हणजे डेट्रॉइटच्या बाजूला, ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांना अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तेवढ्यावर ते काँग्रेसमध्ये गेले, कारण तिथे नोव्हेंबर हा उपचारच. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. मराठी बोलणारा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पोचला तो प्रायमरीच्या दारातून. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी ममदानी यांनी माजी गव्हर्नरला हरवलं ते दारही तेच. दहा लाखांहून अधिक लोक त्या प्रायमरीला आले होते. क्वीन्समधले माझे दोन मराठी स्नेही, एक ममदानींच्या बाजूचे आणि एक कडाडून विरोधातले, दोघांनाही मत देता आलं नाही. कारण दोघांचीही नोंदणी कुठल्याच पक्षात नव्हती.

इथेच आपलं घोडं पेंड खातं. 'पक्षाचा शिक्का नको बाबा. उद्या ऑफिसात कळलं तर? शेजारी काय म्हणतील?' तुमची नोंदणी कुठल्या पक्षात आहे हे सार्वजनिक असतं, हे खरं आहे. तुम्ही मत कुणाला दिलंत, हे कुणालाच कळत नाही, हेही तितकंच खरं. आणि नोंदणी म्हणजे पक्षाशी लग्न नव्हे. वर्गणी नाही, सभा नाही, नोव्हेंबरात हवं त्याला मत द्यायला मोकळे. गावच्या गणपतीला तीन-तीन मंडळांची पावती फाडणारी माणसं आपण, एका फॉर्मवर टिचकी मारताना एवढे सोवळे कधीपासून झालो?

२०२८ मध्ये दोन्ही पक्षांची तिकिटं खुली असतील. ट्रम्प यांना बाविसाव्या घटनादुरुस्तीने तिसरी खेप नाही, आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे वारस म्हणून ठरलेलं नाव नाही. म्हणून एवढं करा. तुमच्या राज्याचा नियम आजच बघा. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात पक्षनोंदणी असल्याशिवाय प्रायमरीत मत नाही, आणि न्यूयॉर्कात जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत फेब्रुवारीतच संपते. न्यू जर्सीत नोंदणी नसेल तर त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो. टेक्सास, इलिनॉय, जॉर्जियात पक्षनोंदणीच नाही. कुठली मतपत्रिका हवी ते तिथेच मागायचं. कॅलिफोर्नियात टपालाने मत देणारे आणि कुठल्याच पक्षात नसलेले असाल, तर डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय मतपत्रिका आधी मागून घ्यावी लागते. न मागितल्यास अध्यक्षपदाचा रकाना नसलेली मतपत्रिका घरी येते आणि मग लोक मला फोन करतात की छपाईत चूक झाली.

आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनो, एक विनंती. तुम्ही प्रचार करू नका, तो तुमचा विषय नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर टेबल टाकून नोंदणीचे फॉर्म ठेवायला काय हरकत आहे? तिळगुळाच्या ताटाशेजारी जागा असते.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतली एक मतदार

ता. क. ग्रीन कार्डवाल्यांनो आणि एच-१बीवाल्यांनो, हे पत्र वाचून उत्साहाच्या भरात नोंदणी करू नका. मोटार परवान्याच्या कचेरीत 'मतदार नोंदणी करायची का?' असं विचारतात, तिथे स्पष्ट नाही म्हणा. नागरिक नसताना केलेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात नडते. उमेदवारासाठी बिनपगारी फोन करायला, दारं ठोठवायला मात्र तुम्हाला मुभा आहे. आयोवात जानेवारीत जाणार असाल तर चांगले बूट घ्या.